बाळाच्या डोळ्यातला मोतीबिंदू: सिडनी ते पालघर

मोतीबिंदू म्हटलं की आपल्याला आजोबा आठवतात आणि त्यांच्याबरोबर एक सल्लाही: "अजून कच्चा आहे, पिकू द्या." जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं भिंग अख्खं बाहेर काढत, तेव्हा या सल्ल्यात तथ्य होतं. आज डॉक्टर मोठ्यांनाही तसं सांगत नाहीत. घराघरांत मात्र तो सल्ला टिकून राहिला आणि तान्ह्या बाळालाही लागू होऊ लागला. बाहुलीत पांढरट काही दिसलं की, "लहान आहे, जरा अंग धरू दे, मग बघू." बाळाचे डोळे पहिल्या सहा आठवड्यांतच का तपासायचे, हे समजून घ्यायचं तर हे 'मग बघू' कसं मोडीत निघालं ते पाहावं लागतं.

सुरुवात सिडनीतून करू. १९४१ साली तिथले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकामागून एक येऊ लागली. एरवी असं बाळ क्वचितच दिसायचं. बहुतेकांचे दोन्ही डोळे गढूळ होते, अनेकांच्या हृदयातही दोष होता. बाहेर बसलेल्या आया गरोदरपणात आलेल्या पुरळाबद्दल बोलत होत्या आणि ते ग्रेग यांच्या कानावर पडलं, असं सांगतात. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी सहकाऱ्यांकडूनही माहिती मागवली. ७८ बाळांची नोंद झाली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झालेला निघाला. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी हे मेलबर्नमध्ये मांडलं. सौम्य म्हणून सोडून दिलेला ताप पोटातल्या बाळाचे डोळे घालवू शकतो, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडलं नाही.

कारण कळलं तरी उपाय हाती नव्हता. बाळाचं भिंग मऊ असतं. सुईने टोचून ते विरघळू द्यायचे, मागे राहिलेलं आवरण जाड झालं की पुन्हा टोचायचे. पुन्हा पुन्हा भूल, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. अशा परिस्थितीत डॉक्टरांनाही थांबणंच शहाणपणाचं वाटे. मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर शस्त्रक्रिया व्हायची, डोळा स्वच्छ दिसायचा, आणि तरीही मुलाची नजर सुधारायची नाही.

हे कोडं उलगडलं मांजरीच्या पिलांनी. हार्वर्डमध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीजेल यांनी १९६३ मध्ये दाखवलं, की पिलाची एक पापणी जन्मानंतर काही आठवडे शिवून ठेवली, तर पुढे डोळा उघडल्यावर तो ठणठणीत असूनही मेंदूतल्या पेशी त्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत. मोठ्या मांजरीवर हाच प्रयोग केला तर असं नुकसान होत नाही. मेंदू बघायला शिकतो तो ठरावीक काळातच. तेवढ्यात स्पष्ट चित्र आलं नाही, तर त्या डोळ्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. १९८१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या दोघांना वाटा मिळाला. पुढे बारीक यंत्रं आली, तान्ह्या बाळाची शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली आणि दवाखान्यातल्या अनुभवातून मुदतही ठरत गेली: एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत, दोन्हीत असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत. त्यानंतर बाळाची नजर ठरत नाही, बुबुळं थरथरत राहतात. ती थरथर एकदा सुरू झाली की सहसा जात नाही.

इतक्या लवकर गाठायचं तर बाळ तक्रार करेपर्यंत थांबून चालणार नव्हतं. तपासणीची रीत मात्र अगदी साधी आहे. खोलीत अंधार करायचा, ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायचं उजेडाचं छोटं यंत्र, आपल्या डोळ्याला लावायचा आणि हातभर अंतरावरून उजेड बाळाच्या बाहुल्यांवर टाकायचा. फ्लॅश मारलेल्या फोटोत डोळे लाल येतात, तशी लाली आतून परत येते. भिंगात गढूळपणा असला की त्या लालीत काळा डाग दिसतो, किंवा लाली दिसतच नाही. दोन्ही डोळे एकाच वेळी उजळून त्यांची तुलना करण्याची पद्धत बाझेलच्या ब्रूकनर यांनी १९६२ मध्ये मांडली. पाश्चात्त्य पुस्तकांत 'लाल' म्हटलेला हा रंग आपल्याकडच्या सावळ्या बाळांत नारिंगी, मंद दिसतो. नवख्याने आधी आईच्या डोळ्यात पाहून घ्यावं. बाहुली पांढरी चमकली तर मात्र मोतीबिंदूवर थांबायचं नाही. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही तसाच दिसतो.

नियम केला म्हणजे काम झालं असंही नाही. ब्रिटनमध्ये जन्मानंतर आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी डोळे पाहण्याची पद्धत होती. तरीही १९९० च्या दशकात देशभराची पाहणी झाली, तेव्हा मोतीबिंदू असलेल्या निम्म्याहून कमी मुलांचं निदान या दोन तपासण्यांत झालेलं आढळलं.

आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा, पण त्याचा भर साहजिकच वयस्कांवर राहिला. मुलांसाठी मोठं पाऊल पडलं ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, पालघरमध्ये. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तिथे झाली आणि तपासायच्या जन्मदोषांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आला. रुबेलाची लस १९६९ पासून जगात होती. गोवर-रुबेला मोहीम भारतात २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. लस बनते पुण्यातच.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं. पथक गेल्यावर आठवड्याने जन्मलेलं बाळ त्याच्या पुढच्या फेरीत पाच-सहा महिन्यांचं असतं, म्हणजे मुदत कधीच टळलेली. म्हणून खरी भिस्त दोघांवर: घरी सोडण्याआधी बाळ तपासणारं प्रसूतिगृह आणि घरी येणारी आशाताई. बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतल्या कामातून पुढे आली. नवजात बाळासाठीच्या या भेटींतली आशाताईची शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. बरोबर सहा आठवडे. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो, घड्याळ असतं. ऑप्थॅल्मोस्कोप नसतो.