पुरुषांची ४ × १०० मीटर रिले (जागतिक अजिंक्यपद स्पर्धा)

जागतिक अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतील चार धावपटूंची सांघिक शर्यत. ४०० मीटरच्या ट्रॅकची एक फेरी चौघांनी मिळून धावायची, आणि पहिल्याने हातात धरून निघालेली नळी, म्हणजे बॅटन, चौथ्याने अंतिम रेषेपार न्यायची. १९८३ मध्ये हेलसिंकी येथे भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेपासून ही शर्यत कार्यक्रमात आहे. ऑलिंपिकमध्ये ती १९१२ च्या स्टॉकहोमपासून आहे. बोलताना तिला ‘फोर बाय हंड्रेड’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या जिल्ह्यांतल्या शालेय मैदानी स्पर्धांतही ती धावली जाते, म्हणून या नोंदीत तिथल्या मैदानांचाही विचार केला आहे.

ही शर्यत चार वेगवान माणसांची बेरीज नाही, हे आकड्यांतच दिसते. जमैकाच्या नेस्टा कार्टर, मायकल फ्रेटर, योहान ब्लेक आणि उसेन बोल्ट यांच्या १०० मीटरमधील आयुष्यातील सर्वोत्तम वेळा अनुक्रमे ९.७८, ९.८८, ९.६९ आणि ९.५८ सेकंद. बेरीज ३८.९३. याच चौघांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला, म्हणजे बेरजेच्या तुलनेत दोन सेकंदांहून अधिक वेळ वाचवला. कारण असे की, थांबलेल्या अवस्थेतून फक्त पहिला धावपटू निघतो. उरलेल्या तिघांच्या हाती बॅटन येते तेव्हा ते आधीच वेगात असतात. ही बचत प्रत्येक संघाला उपलब्ध असते. ती पदरात पडते की सांडते, ते बॅटन देण्या-घेण्यावर ठरते.

बॅटन आणि झोन

बॅटन म्हणजे आतून पोकळ, गुळगुळीत नळी. लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, परीघ १२ ते १३ सेंटिमीटर, वजन किमान ५० ग्रॅम. ती हातातच धरावी लागते. हातमोजे घालणे किंवा पकड यावी म्हणून हाताला काही चोपडणे चालत नाही. बॅटन पडली म्हणून संघ लगेच बाद होत नाही: ज्याच्या हातून पडली त्यानेच ती उचलायची, अंतर चोरायचे नाही आणि दुसऱ्याच्या वाटेत यायचे नाही, एवढी अट आहे. अर्थात, जागतिक स्पर्धेत बॅटन उचलून पदक मिळवण्याइतका वेळ उरत नाही.

देवाणघेवाण ठरलेल्या पट्ट्यातच व्हावी लागते. हा झोन ३० मीटरचा असतो. पूर्वी तो २० मीटरचा होता आणि त्याच्या मागे १० मीटर जागा नुसती वेग घेण्यासाठी असे. तिथे उभे राहता येई, पण बॅटन घेता येत नसे. २०१७ च्या लंडन स्पर्धेनंतर दोन्ही जोडून एकच झोन झाला. पंच पाय पाहत नाहीत, बॅटन पाहतात. घेणाऱ्याचा पाय झोनबाहेर गेला आणि बॅटन आतच पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या हाती आली, तर बदल वैध. याच्या उलट झाले तर संघ बाद.

आता प्रत्यक्ष बदल कसा होतो ते पाहू. या शर्यतीचे खरे मर्म इथेच आहे. घेणारा धावपटू आपल्या लेनमध्ये, उभ्या जागेपासून मागे पावलाला पाऊल लावून अंतर मोजतो आणि तिथे चिकटपट्टीची एक खूण करतो. मागून येणारा त्या खुणेवर आला की पुढच्याने निघायचे. एकदा निघाला की त्याने मागे वळून पाहायचे नाही. मागच्याने ओरडले की हात मागे न्यायचा, तळवा उघडायचा आणि बॅटन त्यात येण्याची खात्री बाळगायची. खूण दोन पावले जवळ पडली तर पुढचा उशिरा निघतो, मागचा त्याच्या अंगावर येतो आणि बॅटनचा वेग मरतो. लांब पडली तर पुढचा निसटतो आणि झोन संपेपर्यंत हाताला हात लागत नाही. दोघांचेही हात पुरते लांबलेले असताना बदल झाला, तर मीटरभर अंतर कोणी न धावताच कापले जाते. तीन बदलांत तीन मीटर. जागतिक अंतिम फेरीत सुवर्ण आणि रौप्य यांच्यात पुष्कळदा इतकेही अंतर नसते.

पहिला धावपटू बॅटन उजव्या हातात धरतो, दुसरा डाव्या, तिसरा उजव्या, चौथा डाव्या, आणि एकदा हाती आलेली बॅटन कोणी हात बदलून धरत नाही. पहिला आणि तिसरा वळणावर धावतात. बॅटन उजव्या हातात असल्याने त्यांना लेनच्या आतल्या कडेला लगटून पळता येते. म्हणून वळणावर न डगमगणारी मुले या दोन जागांवर ठेवतात.

खानदेशातल्या वाचकाला याच्या जवळची एक गोष्ट ओळखीची आहे. नवरात्रात सप्तशृंगी गडावरून मंडळांची मुले ज्योत घेऊन गावापर्यंत धावत येतात. एक दमला की दुसरा ज्योत घेतो, मागून गाडी चाललेली असते. मात्र ज्योत समोरासमोर, बघून, जपून दिली जाते. विझू न देणे हेच त्यात सर्वांत महत्त्वाचे. बॅटन न बघता आणि वेग तसूभरही न सोडता द्यायची असते. दोन्हींत वस्तू पोचवायची असते, पण रिलेतला विश्वास आंधळा असतो, आणि तो सरावाशिवाय येत नाही.

जागतिक स्पर्धेतील वाटचाल

१९८३ मध्ये अमेरिकेने ३७.८६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह पहिले विजेतेपद मिळवले. शेवटचा टप्पा कार्ल लुईसचा होता. १९८७, १९९१ आणि १९९३ ही विजेतेपदेही अमेरिकेचीच. त्यानंतर मात्र या देशाच्या वाट्याला आलेले अपयश हाच या शर्यतीचा सर्वांत मोठा धडा आहे. १०० मीटरमध्ये सर्वाधिक वेगवान धावपटू असणारा हा देश १९९५, १९९७ आणि २००५ मध्ये प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. २००९ मध्ये तो बाद ठरला. २०११ च्या अंतिम फेरीत त्यांचा तिसरा धावपटू बदलाच्या वेळी कोसळला, आणि २०१५ मध्ये रेषेपार आलेला संघ झोनबाहेरच्या बदलामुळे पदकाला मुकला. प्रत्येक वेळी चौघेही वेगवानच होते. बाद होण्याचा हा इतिहास तसा जुनाच आहे: १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पहिला अधिकृत विश्वविक्रम (४२.३ सेकंद) करणारा जर्मन संघ अंतिम फेरीत बदल चुकल्याने बाद झाला आणि सुवर्ण ब्रिटनला गेले.

अमेरिकेच्या चुकांचा फायदा कॅनडाने १९९५ आणि १९९७ मध्ये, तर फ्रान्सने २००५ मध्ये घेतला. २००१ चे सुवर्ण आधी अमेरिकेला मिळाले होते. उत्तेजक प्रकरणात टिम माँटगोमेरीचे निकाल रद्द झाल्यावर ते दक्षिण आफ्रिकेकडे आले. एकाचा दोष चौघांचे पदक नेतो, ही या शर्यतीची कठोर बाजू आहे.

२००९ ते २०१५ ही चार विजेतेपदे जमैकाची. त्यांतले २०११ चे देगूमधले ३७.०४ सेकंद हा तेव्हाचा विश्वविक्रम होता. २०१७ मध्ये लंडनला बोल्ट आपल्या शेवटच्या शर्यतीत चौथ्या टप्प्यावर मांडीचा स्नायू दुखावून ट्रॅकवर पडला आणि ब्रिटनने ३७.४७ सेकंदांत, अमेरिकेला पाच शतांश सेकंदांनी मागे टाकत, घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण घेतले. २०१९ मध्ये दोहा येथे अमेरिकेने ३७.१० सेकंद नोंदवले. २०२२ मध्ये यूजीनला, म्हणजे अमेरिकेच्याच भूमीवर, कॅनडाने तिला हरवले: एरन ब्राऊन, जेरोम ब्लेक, ब्रेंडन रॉडनी आणि आंद्रे डी ग्रास, वेळ ३७.४८. याच चौघांनी, याच क्रमाने, २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक सुवर्णही जिंकले. २०२३ आणि २०२५ ची जागतिक विजेतेपदे पुन्हा अमेरिकेकडे गेली.

सरावाचे मोल सांगणारे उत्तम उदाहरण जपानचे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांच्या चौघांपैकी एकानेही तोवर १०० मीटर अधिकृतपणे १० सेकंदांच्या आत पूर्ण केले नव्हते, तरी ३७.६० सेकंदांत त्यांनी रौप्य मिळवले. त्यांची बॅटन खालून वर दिली जाते, ज्यात घेणाऱ्याचा हात धावण्याच्या नैसर्गिक स्थितीजवळच राहतो. हात कमी लांबतात, पण वेग कमी मोडतो.

भारत

भारताला या शर्यतीत मिळालेले सर्वांत लक्षात राहणारे यश म्हणजे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील कांस्य. रहमतुल्ला मोल्ला, सुरेश सत्या, शमीर मोन आणि अब्दुल नजीब कुरेशी यांनी ३८.८९ सेकंद नोंदवले. तो राष्ट्रीय विक्रम जवळपास पंधरा वर्षे टिकला. २०२५ मध्ये गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकांत होबळीधर आणि अमलान बोरगोहाईन यांनी तो ३८.६९ वर आणला. ४ × ४०० मीटरमध्ये भारतीय पुरुष संघ २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला होता. लहान रिलेत ती मजल अजून दूर आहे.

खानदेशातील मैदाने

इथे ही शर्यत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा शालेय पायऱ्यांनी वर जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. सातपुड्याच्या बाजूच्या आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय (आदिवासी विकास प्रकल्पाच्या पातळीवरच्या) स्पर्धा वेगळ्या होतात. निवासी शाळेतली चार मुले सकाळ-संध्याकाळ एकाच मैदानावर असतात आणि एकमेकांचे पाऊल ओळखतात. रिलेसाठी याहून चांगली सोय नाही. उलट, वेगवेगळ्या गावांतून निवडलेली मुले स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटतात आणि वेगाच्या जोरावर निवडलेला संघ बदलात मार खातो, असे पुन्हा पुन्हा होते. निवड थोडी आधी करून खुणा मोजण्याला चार दिवस दिले तर खर्च काहीच नाही.

बहुतेक शाळांकडे ४०० मीटरचा ट्रॅक नसतो. मुरूम टाकून दाबलेल्या मैदानावर फक्कीने २०० मीटरचा ट्रॅक आखतात, आणि काळी जमीन जवळ असली की पावसाळी स्पर्धेत चिखल बुटाला चिकटून येतो. अशा ट्रॅकवर दोन फेऱ्या होतात: पहिला आणि तिसरा बदल समोरच्या बाजूला एकाच जागी, दुसरा सुरुवातीच्या रेषेजवळ. लेन १.२२ मीटरची आणि आतल्या कडेला नुसती फक्कीची रेघ असेल, तर बाहेरच्या प्रत्येक लेनला तिच्या आतल्या लेनपेक्षा एका फेरीमागे ७.६७ मीटर पुढे उभे करावे लागते. दोन फेऱ्यांसाठी हे अंतर १५.३३ मीटर होते. ट्रॅक लहान म्हणून ते कमी होत नाही, कारण ते फक्त लेनच्या रुंदीवर आणि फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. आखणीत सर्वाधिक चूक इथेच होते, आणि तिचा फटका बाहेरच्या लेनमधल्या मुलांना बसतो.

बदलाच्या वेळी मागच्याने एकच अक्षर ओरडावे, असे शिकवले जाते. मराठीत ते ‘घे’. अहिराणीत पळ म्हणायला ‘पय’ आणि घे म्हणायला ‘ले’. घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून धापा टाकताना ‘ले’ निघाले तर ते तसेच राहू द्यावे. ओळखीच्या आवाजातल्या ओळखीच्या शब्दाला हात लवकर मागे जातो. मात्र चार लेनमधली चार मुले एकाच वेळी ‘ले’ ओरडत असतात, तेव्हा प्रत्येक जोडीने आपली हाक थोडी वेगळी ठरवून ठेवलेली बरी.

शर्यत संपली तरी निकाल लगेच जाहीर होत नाही. तिन्ही झोनांवरचे पंच आपापल्या जागी उभे असतात; सर्वांचे पांढरे झेंडे वर गेले, की मगच पहिल्या संघाचे नाव पुकारले जाते.