वाटेचा उतार वेगळा, अंगाचा कल वेगळा

उलव्यात बहिणीच्या गच्चीवर पापड राखत बसलं की नव्या विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. परवा भाचा म्हणाला, "मावशी, खाली येतंय ना ते? मग नाक वर का?"

प्रश्न फक्कड आहे. विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली सरकत असतं, नाक मात्र क्षितिजाच्या किंचित वर. जायची दिशा एक, तोंड भलतीकडेच.

अवकाशयानाच्या बातम्यांत याच दोन कोनांची हमखास खिचडी होते. नासाची क्युरिऑसिटी ही मंगळगाडी २०१२ मध्ये मंगळाच्या वातावरणात शिरली तेव्हा तिची वाट क्षितिजाखाली सुमारे १५.५ अंश होती, आणि समोरून येणाऱ्या हवेशी तिचं अंग सुमारे १६ अंश तिरपं. आकडे शेजारीशेजारी आले हा निव्वळ योगायोग.

वाटेचा उतार आधीच ठरवून यावा लागतो. चंद्रावरून परतणाऱ्या अपोलो यानांना तो साडेसहा अंशांच्या आसपास लागे. जास्त झाला तर आतल्या माणसांवरचा भार सोसण्यापलीकडे जाणार, फार कमी झाला तर यान हवेला नुसतं खरवडून पुन्हा बाहेर.

अंगाच्या तिरपेपणाची गंमत जास्त आहे, कारण तो इंजिनाने नाही, वजनाने साधतात. क्युरिऑसिटीने शिरण्याआधी टंगस्टनचे ७५ किलोचे दोन ठोकळे चक्क फेकून दिले. तोल एका बाजूला गेला आणि पुढे हवेनेच तिला तिरपं धरून ठेवलं. त्या तिरपेपणातून थोडी उचल मिळते. छोटे थ्रस्टर, म्हणजे वायूचे झोत सोडणारी इंजिनं, कल फारसा बदलत बसत नाहीत; ते यानाला वाटेभोवती कुशीवर वळवतात, म्हणजे ती उचल हवी तिकडे रोखता येते. वर रोखली की यान लांब जातं, बाजूला रोखली की वळतं. म्हणून तिला उतरायला २० बाय ७ किलोमीटरचा पट्टा पुरला. त्याआधीच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या मंगळगाड्या सरळ, भोवऱ्यासारख्या फिरत आल्या होत्या. त्यांचे पट्टे कितीतरी लांब होते.

एप्रिल २००८ मध्ये पृथ्वीवर परतणाऱ्या एका रशियन सोयूझ यानाच्या कुपीला ही उचल वापरताच आली नाही. बिघाडानंतर ती स्वतःभोवती गिरक्या घेत उतरली. कल होता, उचलही होती, पण ती क्षणात वर, क्षणात खाली, सगळी एकमेकींत जिरली. आतल्या तिघांनी ८ जीच्या आसपास, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठपट, भार सोसला आणि कुपी ठरल्या जागेच्या ४०० किलोमीटरहून जास्त अलीकडे पडली.