दोन हेक्टरची रेघ

छोट्या शेतकऱ्याची शेती त्याच्या बांधावर जाऊन अभ्यासायची, ही कल्पना तशी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात घरोघरचा शेतीचा जमाखर्च नोंदवणारी मंडळी होतीच. आज ज्याला शेतीपद्धती संशोधन म्हणतात, ते मात्र १९७० च्या दशकातलं. संशोधन केंद्रावर डोलणारं वाण शेतकऱ्याच्या रानात गेलं की माना टाकायचं. तिथे पाणी, मजूर, गुरं, उधारी सगळ्यांचा मेळ वेगळा असायचा. मग शेतावरच प्रयोग, झटपट पाहण्या आणि पुढे शेतकऱ्यांचा सहभाग आला.

घोळ आहे तो ‘अल्पभूधारक’ या शब्दात. जागतिक आकडेवारीत बहुतेकदा दोन हेक्टरची रेघ मारली जाते. ओलिताचे दोन हेक्टर आणि माळरानावरचे दोन हेक्टर एकाच रकान्यात बसतात. मोजायला सोपी, म्हणून ती रेघ टिकली, दुसरं फारसं कारण नाही. २०१४ च्या सुमारास ‘जगातलं ८० टक्के अन्न कुटुंबशेतीतून’ हा आकडा गाजला. कुटुंबशेतीला क्षेत्राची मर्यादाच नसते, कित्येक मोठ्या शेती त्यात मोडतात. तरी तो आकडा सर्रास अल्पभूधारकांच्या नावावर खपवला गेला. २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ६०.८ कोटी शेतींपैकी ८४ टक्के दोन हेक्टरांहून लहान आहेत. त्यांच्याकडे शेतजमीन सुमारे १२ टक्के आणि अन्न सुमारे ३५ टक्के. एवढ्याशा जमिनीतून एवढं पिकतं, हे सांगायला ८० चा आधार कशाला लागावा?

दुसरा वाद उताऱ्याचा, म्हणजे पीक किती निघतं त्याचा. शेत जितकं लहान तितका हेक्टरी उतारा जास्त, हे भारतातल्या पाहण्यांवरून १९६० च्या दशकात मांडलं गेलं आणि मग ठिकठिकाणी दिसू लागलं. गेल्या दशकात आफ्रिकेत मोजणीच तपासली गेली. लहान तुकड्यांचं क्षेत्र लोक वाढवून सांगतात, म्हणजे त्यांचा हेक्टरी उतारा उगाच कमी दिसतो, असं जीपीएसने दाखवलं. ते दुरुस्त केल्यावर हे नातं उलट घट्टच झालं. पण शेतकऱ्याने सांगितलेल्या उत्पन्नाऐवजी पीक कापून तोललं, तेव्हा काही अभ्यासांत ते जवळपास विरघळलं.

अर्थात पीककापणीही निर्मळ नाही. ज्या छोट्या चौकटीतलं पीक कापून तोलायचं, ती शेतात टाकताना हात आपसूक बांधापासून आत सरकतो, विरळ जागा टाळतो, आणि उतारा फुगतो.