शालेय समुपदेशन (माध्यमिक स्तर)

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाचा ताण, घरची परिस्थिती, मैत्री, वयात येतानाचे बदल, परीक्षेची भीती, छळ, व्यसन अशा बाबतींत शाळेच्या आवारातच मिळणारे व्यक्तिगत व गटातील साहाय्य. ते देणाऱ्या व्यक्तीने मानसशास्त्र, समाजकार्य किंवा मार्गदर्शन यांचे प्रशिक्षण घेतलेले असावे अशी अपेक्षा असते. व्यवसाय मार्गदर्शन हा या सेवेचा जुना भाग आहे. मानसोपचार तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि शिस्तभंगाची कारवाई तर मुळीच येत नाही.

उगम : या सेवेचे जनकत्व बहुतेक संदर्भग्रंथ बॉस्टनच्या फ्रँक पार्सन्स यांना देतात. त्यांनी जानेवारी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतःची ओळख, कामांची माहिती आणि या दोहोंचा विचारपूर्वक मेळ ही त्यांची त्रिसूत्री पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. मात्र पार्सन्स यांचे केंद्र शाळेत नव्हते. गरीब वस्तीत समाजकार्य करणाऱ्या एका वस्तीकेंद्रातून ते चाले आणि तिथे येणारी बरीच मुले शाळा सोडून कामाच्या शोधात असत. शाळेच्या वेळापत्रकात मार्गदर्शनाला जागा देण्याचे श्रेय जेसी डेव्हिस यांच्याकडे जाते. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे मुख्याध्यापक असताना, १९०७ च्या सुमारास, त्यांनी इंग्रजी निबंधाच्या तासिकेत आठवड्यातून एकदा आवडीनिवडी, स्वभाव व भावी काम यांवर लेखन करून घेण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी डेट्रॉइट येथे १८९८ पासून ते वरच्या वर्गातील मुलांना सल्ला देत असत. काही अभ्यासक याहून मागे जाऊन १८९५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील जॉर्ज मेरिल यांच्या तंत्रशाळेतील प्रयोगाकडे बोट दाखवतात. पण तो प्रयोग तेथील प्रशिक्षणक्रमापुरता होता. पद्धतीचा उगम पार्सन्स यांच्यात आणि शालेय सेवेचा डेव्हिस यांच्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

भावनिक बाजू पुष्कळ उशिरा आली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ पासून मांडलेल्या विचारामुळे सल्ला देण्यापेक्षा ऐकून घेण्याला महत्त्व आले. तरीही पैशाचा ओघ चाचण्यांकडेच राहिला. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला अनुदान दिले, ते प्रामुख्याने विज्ञानाकडे वळू शकणारी हुशार मुले हेरण्यासाठी. आजही शाळांत समुपदेशकाकडे कसोट्यांचे गठ्ठे आधी येतात आणि मूल नंतर, त्याची मुळे इथे आहेत.

भारतातील प्रारंभ : कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागाने १९३८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे काम हाती घेतले, ते आरंभ मानण्याची प्रथा आहे. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय मार्गदर्शन केंद्र आणि १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे केंद्र निघाले. मुंबई सरकारचे केंद्र १९५० मधले. कलकत्त्याचे काम संशोधनाच्या अंगाने जाणारे होते. पालक मुलाला घेऊन येतो आणि अहवाल घेऊन जातो, ही सेवेची रीत मुंबईत अधिक रुजली. माध्यमिक शिक्षणाविषयीच्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय, म्हणजे अनेक विषयगट असलेल्या, शाळांची शिफारस केली आणि विषयगट लवकर निवडावे लागणार म्हणून मार्गदर्शक नेमायला सांगितले. दिल्लीत १९५४ मध्ये केंद्रीय मार्गदर्शन कार्यालय निघाले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन सर्वच विद्यार्थ्यांसाठी असावे असे म्हटले. पण पैशाची अडचण ओळखून दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक हे किमान प्रमाण सुचवले. अमेरिकी शालेय समुपदेशक संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सांगते. एका मोठ्या माध्यमिक शाळेचा पट हजारावर जातो हे ध्यानात घेतले, तर दोहोंतील अंतर कळते.

महाराष्ट्रात राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कल चाचणी सुरू केली आणि पुढे तिला अभिक्षमता मापनाची जोड दिली. कल म्हणजे ओढ, क्षमता वेगळी. गणवेशधारी सेवांकडे कल दिसला म्हणून मुलाला ते काम जमेलच असे नाही. शिवाय जे काम कधी पाहिलेच नाही, त्याकडे कल दिसणार कसा? अहवाल हातात दिला आणि त्यावर बोलणारे कोणी नसले, की पालक त्याचा निकालपत्रासारखा अर्थ लावतात.

कार्यपद्धती : विद्यार्थी चार वाटांनी येतो : स्वतःहून, मित्रामार्फत, पालकांकडून किंवा वर्गशिक्षकांच्या चिठ्ठीने. चिठ्ठीत ‘लक्ष नाही’ यापेक्षा नेमके निरीक्षण हवे. उदा., सोमवारी किंवा ठरावीक तासिकेलाच गैरहजेरी, महिनाभरात बिघडलेले अक्षर, मधल्या सुट्टीत डबा न उघडणे, उन्हाळ्यातही लांब बाह्या. शेवटची खूण हातावरच्या जखमा झाकण्याची असू शकते.

बोलावण्याच्या रीतीवर पुष्कळ काही अवलंबून असते. शिपायाने भर वर्गात येऊन ‘समुपदेशन मॅडमनी बोलावलंय’ असे मोठ्याने म्हटले, की ते मूल पुन्हा येत नाही आणि त्याच्या बाकावरची इतर मुलेही येत नाहीत. कार्यालयातून दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या निरोपासारखीच साधी चिठ्ठी द्यावी. खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला बोलावणे सोयीचे असते, पण मुलाचा आवडता तास हिरावला जातो. दर वेळी एकच तासिका घेतली तर त्या विषयात ते मागे पडते. म्हणून तासिका आलटूनपालटून घेतात. खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून नसावी. खुर्च्या समोरासमोर मांडण्यापेक्षा किंचित तिरक्या मांडतात, म्हणजे नजर चुकवायला जागा राहते. दाराला काच असावी. आतले दिसावे, ऐकू येऊ नये.

पहिली भेट एका तासिकेची, सुमारे ३५ मिनिटांची. सुरुवातीलाच गुप्ततेच्या मर्यादा सांगाव्या लागतात : जिवाला धोका, दुसऱ्याला इजा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर गोष्ट खोलीबाहेर जाईल. हे नंतर सांगितले तर मुलाला फसवल्यासारखे वाटते. आत्महत्येचा संशय असेल तर थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे. विचार आहे का, बेत ठरला आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, या क्रमाने विचारतात. शेतकरी कुटुंबात साधन म्हणजे बहुधा कीटकनाशकाचा डबा. तो घरातून हलवणे किंवा कुलपात ठेवणे, हे पालकांना त्याच दिवशी सांगायचे काम आहे. मुलाला एकटे घरी पाठवत नाहीत. पालकांच्या ताब्यात देऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी देतात. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे, ती जोड म्हणून द्यावी, प्रत्यक्ष भेटीच्या बदली नव्हे.

लैंगिक अत्याचार कळल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालील व्यक्तीने केलेला गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. इथली नेहमीची चूक म्हणजे शाळेने आधी ‘खात्री करून घेणे’. मुलाला चार जणांसमोर तेच ते सांगायला लावले, की त्याचा त्रास वाढतो आणि पुरावाही कमकुवत होतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून थांबावे. नोंदी जनरल रजिस्टरपासून (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीपासून) वेगळ्या, नावाऐवजी क्रमांक घालून, कुलूपबंद कपाटात असाव्यात.

दहावीच्या निकालाच्या दिवशी धीराच्या शब्दांपेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा पुढे लगेच असते, हे निम्म्या घरांना त्या सकाळी आठवत नाही.

शिक्षक की समुपदेशक : वर्गशिक्षकांनाच प्रशिक्षण द्यावे की वेगळी व्यक्ती नेमावी, हा वाद जुना आहे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेशी संबंधित संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ हा प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. भित्तिपत्रक, तक्रारपेटी, गटकार्य व व्यक्तिगत भेटी हा एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित पण व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकांनी आणि काही शाळांत शिक्षकांनी राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य व दांडगाई घटली; शिक्षकांच्या गटात फरक पडला नाही. त्याआधी १० युरोपीय देशांतील १६८ शाळांच्या अभ्यासातही (२०१५) विद्यार्थ्यांशी थेट केलेल्या कामाने आत्महत्येचे प्रयत्न घटले, तर केवळ शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवून लक्षणीय फरक दिसला नाही. ‘शिक्षक मुलांच्या जवळचा असतो’ हा प्रतिपक्षाचा मुद्दा अमान्य करता येत नाही. पण गुण देणारा आणि शिक्षा करणारा माणूस तोच असतो, आणि तासिकांच्या ओझ्यात त्याला वेळही नसतो. हेरणे शिक्षकांकडे आणि ऐकणे दुसऱ्याकडे, ही विभागणी अधिक टिकाऊ दिसते. दिल्लीच्या सरकारी शाळांतील एका अभ्यासात (२०२०) समस्या, पर्याय, कृती या तीन पायऱ्यांच्या चार-पाच छोट्या भेटींनी विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या, मात्र एकूण मानसिक लक्षणांत तितका फरक आढळला नाही.

सद्यःस्थिती : केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवण्याचे निर्देश दिले. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावयाची आहे. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांच्या संच मान्यतेत (शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) हे पद सर्वसाधारणपणे नसते. त्यामुळे संस्था मानधनावर, आठवड्यातून एक-दोन दिवसांसाठी व्यक्ती नेमते, आणि मूल बोलायला तयार होते तो दिवस नेमका तिचा नसतो. मुंबई-ठाणे-पुण्यात ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (स्थापना १९९०) यांसारख्या संस्थांचा आधार मिळतो. ग्रामीण भागात आरोग्य खात्याची किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रे हा जवळचा पर्याय आहे. आश्रमशाळांत निवासी अधीक्षक, तर रात्रशाळांत वर्गशिक्षकच हे काम पाहतात.