कनिंगहॅमच्या आधीच जॅक्सन आला होता

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलप्रेमींचा वाद रंगला की एक गोष्ट हमखास निघते: १२ सप्टेंबर १९७०ला बर्मिंगहॅममध्ये यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने चेंडू घेऊन १३५ यार्ड धावून अलाबामा विद्यापीठाच्या गोऱ्या संघाला ४२-२१ असं लोळवलं, आणि त्या एका संध्याकाळी अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांना कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायची बुद्धी झाली.

सामना खरा, आकडे खरे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने आधीच शिष्यवृत्ती दिली होती. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून त्याने तो सामना प्रेक्षकांत बसून पाहिला! १९६९मध्येच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने याच भेदभावावरून ब्रायंट यांना कोर्टात खेचलं होतं. आणि अलाबामा ज्यात खेळतो त्या एसईसी या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या गटात केंटकी विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू नेट नॉर्थिंग्टन १९६७लाच मैदानात उतरला होता.

कनिंगहॅमचा खेळ अफाट होता, त्यामुळे गोऱ्या चाहत्यांचा विरोध मवाळही झाला असेल. पण सगळं श्रेय त्या एका पराभवाला दिलं, की कोर्टात गेलेली ती मुलं गोष्टीतून गायब होतात. मला हे फार खटकतं.