काशा फुटतात, बी धरत नाही

हायब्रीड लॉन म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे जीएम का?" नाही हो, प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं हे गवत नव्हे. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथं ग्लेन बर्टन यांनी सुरू केलेलं आणि पुढे वेन हॅना, ब्रायन श्वार्ट्झ यांनी चालवलेलं हे काम साध्या संकराचं आहे. जोडीतली एक तर आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती. दुसरी दक्षिण आफ्रिकेतली, बारीक पात्याची.

खरी गंमत गुणसूत्रांत आहे. या गवतांचा मूळ संच 9 चा. संकरासाठी घेतात त्या हरळीत असे चार संच, म्हणजे 36. आफ्रिकन गवतात दोन, म्हणजे 18. परागकण आणि बीजांड तयार होताना संख्या निम्मी होते: 18 आणि 9. बेरीज 27, म्हणजे तीन संच. या लेकीवर स्वतःच्या जननपेशी करायची वेळ आली की पंचाईत! अर्धसूत्री विभाजनात सारख्या गुणसूत्रांनी जोड्या लावायच्या असतात आणि इथे प्रत्येक नमुन्याची तीन. दोघांची जोडी लागली तर तिसरं वाट फुटेल तिकडे जातं. कधी तिघं एकत्र अडकतात. अशी नऊ त्रिकुटं. मग एखाद्या पेशीत 11 गुणसूत्रं, एखादीत 16, आणि बहुतेक पेशी निकामी. तुरे येतात, बी धरत नाही. (तीन पात्यांच्या दूर्वेतल्या 'ऊर्जे'चे मेसेज फिरतात, त्यांचा या तीन संचांशी काही संबंध नाही.)

मैदानवाल्यांना हेच हवं असतं. बी पडून मध्येच वेगळ्या गुणांची रोपं उगवत नाहीत. शेतकरी ज्या काशा, म्हणजे हरळीची जमिनीत पसरणारी खोडं, वेचून बांधावर फेकतो, त्यांचेच तुकडे इथे लावायचे. अख्खं मैदान एकाच रोपाचं. पण ते एक रोप सापडायला हवं. दुष्काळ सोसणारं 'टिफटफ' हे वाण 27,000 हून अधिक संकरित रोपांतून, पाणी तोडून, वर्षानुवर्षं चाळून निवडलं. त्याला 38 टक्के कमी पाणी लागतं, ही जाहिरात जुन्या 'टिफवे' वाणाच्या तुलनेतली आहे. बिनपाण्याचं लॉन असा अर्थ कुणी काढू नये.

सावलीचं कोडं जास्त अवघड. हरळी सी-4 पद्धतीनं अन्न करते: कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडून शेजारच्या पेशीत पोचवते. त्यासाठी दर रेणूमागे दोन एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) जादा लागतात. भर उन्हात हा खर्च परवडतो, झाडाखाली नाही. हॅना यांचंच 'टिफग्रँड' त्यातल्या त्यात सावली सोसतं, तरी दाट आंब्याखाली त्याच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नयेत.