बीएड केल्याशिवाय ॲग्री कॉलेजात शिकवता येत नाही?

आपल्या सोलापुरात दरवर्षी ॲडमिशनच्या टायमाला हीच चर्चा, की बीएस्सी ॲग्री झाली की बीएड कर मग कॉलेजात मास्तर हो. चूक आहे हे. बीएड शाळेसाठी असतं. कृषी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एमएस्सी ॲग्री आणि नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते, अन् ही नेट एएसआरबी, म्हणजे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ घेतं. पीएचडी असली तर उत्तमच. पोरं बीएडमध्ये दोन वर्षं घालवतात आणि मग कळतं, फार वाईट वाटतं बघून.

दुसरं एक पसरवलंय की शेती शिकवणारा फक्त फळ्यावर लिहितो. अहो, रब्बी ज्वारी फळ्यावर कशी शिकवणार? पेरणीनंतर पाचेक आठवड्यांनी आपल्या काळ्या रानाला भेगा पडायला लागतात, त्यातून खालची ओल उडून जाते, तिथं पोरांना बसवून भेगेत हात घालायला लावायचा, मग कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवायचं अवजार, चालवून भेग बुजलेली दाखवायची. आठव्या आठवड्याला दातेरी कोळपं. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हे तेव्हा डोक्यात बसतं. शेवटच्या वर्षी तर पोरं गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करतात, तेव्हा सरांनाही बांधावर जावंच लागतं.

आणि शिकवायला कॉलेजच पाहिजे असंही नाही, कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ शेतकऱ्यांना ट्रेनिंग देतात, तेही शिकवणंच की. त्यामुळं बीएडचा फॉर्म भरायच्या आधी जाहिरातीतली पात्रता नीट वाचा, अन् एमएस्सीच्या सीईटीची तयारी तिसऱ्या वर्षापासूनच धरा.